आपलं काही हरवलंय का?

सकाळी साडेसहाला दाराची कडी वाजली, की आमच्या गल्लीत कुणी पातेलं घेऊन दार उघडत नाही. दूधवाला सातला येतो. साडेसहाला येतात ते सेलूकर नाना. कानावर हेडफोन, खांद्याला अडकवलेला मेटल डिटेक्टर आणि तळहातावर एखादा गंजका स्क्रू.

"आपलं काही हरवलंय का?"

एकदा मी दार उघडलं तर हातावर सोडावॉटरच्या बाटलीचं बूच. मी अर्धवट झोपेत, त्यात माझी जीभ आधीच तिखट. म्हटलं, "नाना, बूच कुणी हरवतं का? बूच फेकतात!"

"ते आपण कोण ठरवणार? धनी ठरवेल," असं म्हणून नाना पुढच्या दारी.

पुंडलिकनगरातल्या आमच्या गल्लीत बावीस घरं. बावीस दारी त्या बुचाची चौकशी झाली आणि मग ते नानांच्या व्हरांड्यातल्या बरणीत जाऊन पडलं. बरणीवर सुवाच्य अक्षरात चिठ्ठी : 'बेवारस - बुचं'. शेजारी 'बेवारस - खिळे', 'बेवारस - किल्ल्या'. आणि खाली एक भलंमोठं पोतं, त्यावर नुसतंच 'गुटखा'. रस्त्यात रुतलेली गुटख्याची प्रत्येक पुडी नाना उकरून काढायचे, पण तिचा धनी मात्र शोधायचे नाहीत. "ते धनी मला माहीत आहेत," म्हणायचे आणि कोपऱ्यावरच्या टपरीकडं रोखून बघायचे. आमची गल्ली स्वच्छ झाली ती अशी. लोकांना वाटायचं, म्हाताऱ्याला स्वच्छतेचं वेड लागलंय. मलाही तसंच वाटायचं.

नाना टेलिफोन खात्यातून रिटायर झालेले. जमिनीखालची केबल कुठं तुटली, ते कानाला यंत्र लावून शोधायचं, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. वडील निजामाच्या राजवटीत उर्दू शाळेत शिकलेले, त्यामुळं घरात 'तसल्ली', 'बेशक', 'दिक्कत' असे शब्द वरणभाताबरोबर वाढलेले. अशा माणसानं सत्तरी उलटल्यावर मेटल डिटेक्टर मागवला, तेव्हा गल्लीतल्या पोरांनी त्यांना दोन दिवसांत 'बॉम्बशोधक नाना' करून टाकलं.

मशीन शिकणं मात्र सोपं नव्हतं. त्याच्याबरोबरच्या पुस्तकात एक शब्द होता, ग्राउंड बॅलन्स. नानांनी मला तो उभ्यानं समजावून सांगितला. "प्रत्येक जमिनीचा स्वतःचा एक आवाज असतो, वंदना. मशीनला आधी नुसती रिकामी जमीन ऐकवायची. तिचा आवाज कळला की तो वजा करायचा. मग उरेल ते आपलं."

झालं. त्या दिवसापासून नाना सगळ्याच गोष्टींचं ग्राउंड घ्यायला लागले. भाजीवाल्यानं भाव सांगितला की डोळे मिटून अर्धा मिनिट गप्प. "थांबा, ग्राउंड घेऊ द्या." आमच्या ह्यांनी विचारलं, नाना, तब्येत कशी आहे? तरी ग्राउंड. भाजीवाला गाडी बाजूला लावून बिडी शिलगवायचा आणि मागच्या गिऱ्हाइकाला सांगायचा, "जरा थांबा, ताई. नाना ग्राउंड घेऊ राहिले."

त्यात दुष्काळाचं साल. नळाला नवव्या-दहाव्या दिवशी पाणी. पैठणच्या धरणाचं पाणी इतकं मागं हटलेलं, की तळ उघडा पडून भेगाळला होता. लोक पाण्यासाठी हवालदिल आणि नाना स्कूटरवर मशीन बांधून माती गोळा करत हिंडतायत. बिडकीनहून काळी माती, पैठणहून नदीची वाळू, शहराला लागूनच्या साताऱ्याच्या डोंगराखालचा लाल मुरूम. बिडकीनला कारखान्यांसाठी मोजण्या चाललेल्या. हेडफोनवाला माणूस बघून एका शेतकऱ्यानं चहा पाजला आणि हळूच विचारलं, "सायब, रोड नेमका कुठून जायचाय? आमच्या वावरातून का?"

"मी मोजणीचा नव्हे. मी जमीन ऐकतो," नाना म्हणाले.

"मंग लई ऐका. आमचं तर कुनी ऐकंना."

ही माती नानांनी अंगणात घमेल्यांमध्ये भरली. पहिले दोन दिवस मशीन सारखं बोंबलत राहिलं. नाना मातीला दोष देत होते. तिसऱ्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं की घमेली लोखंडाची आहेत! मग प्लॅस्टिकची आणली. काळ्या मातीत मशीन शहाण्यासारखं वागलं. वाळूत तर फारच गोड बोललं. मुरमावर मात्र नानांचा तोल गेला. "अगं, ह्याच्या दगडातच लोखंड आहे! अख्खा डोंगर खोटं बोलतो!" असं म्हणून त्यांनी मुरमाच्या घमेल्याकडं आठवडाभर पाठ फिरवली.

इथवर सगळं हसण्यावारी होतं. मग एका सकाळी ते माझ्या दारात आले ते रिकाम्या हातानं.

"वंदना, पाच मिनिटं जरा मंगळसूत्राची वाटी दे."

"नाना! शुद्धीत आहात का?"

"काढू नकोस. तू नुसती वाक."

आणि सांगायला लाज वाटते, पण सकाळच्या प्रहरी मी त्यांच्या अंगणात गुडघ्यावर बसून काळ्या मातीच्या घमेल्यावर मान वाकवली. वाट्या मातीला टेकल्या. नाना वरून मशीन फिरवतायत. आमचे हे दारातून, "हे काय चाललंय?" तर नाना हात वर करून, "शांत! ग्राउंड घेतोय!"

मशीननं एक बारीक, कोता आवाज दिला. नानांनी खिशातून गुटख्याची रिकामी पुडी काढून मातीवर ठेवली. तोच आवाज. अगदी तोच, तसूभर फरक नाही.

"बघितलंस?" ते खाली बसले. "पातळ सोनं आणि ही चंदेरी कागदाची पुडी, मशीनला दोन्ही सारखीच. म्हणून एकही पुडी सोडता येत नाही. एखादी तिची वाटी असली तर?"

'तिची' म्हणजे माईंची. नानांच्या बायकोची.

आपल्या मंगळसूत्रात दोन वाट्या, एक माहेरची आणि एक सासरची. माईंची एक वाटी फार पूर्वी, अशाच एका दुष्काळात, टँकरच्या गर्दीत हरवली. नाना म्हणाले होते, नवी करू. माईंनी साफ नाही म्हटलं. त्या एका वाटीवरच राहिल्या आणि उभ्या गल्लीत सांगत सुटल्या, "माहेरची शाबूत आहे. ह्यांच्याकडचीच गेली. ह्यांच्याकडचं काही टिकेल तर शपथ!"

पण आता दोन वर्षांपासून माई विसरायला लागल्या होत्या. आधी गॅस, मग वार, मग माणसं. मला बघून म्हणायच्या, "बसा हं, कोण तुम्ही?" सगळं गेलं आणि ती वाटी तेवढी डोक्यात राहिली. उजाडलं की उठून बाहेर जायच्या आणि भर रस्त्यात वाकून शोधायच्या. एकदा रिक्षावाल्यानं कचकन ब्रेक मारला म्हणून वाचल्या. त्याच आठवड्यात नानांनी मशीन मागवलं. "तिला सांगितलं, तू दारात बस, शोधायचं काम माझं. माझ्या हातात मशीन दिसलं की तिला तसल्ली असते. म्हणून रोज निघतो. पण ती सापडली पाहिजे गं, वंदना. तिला अजून माझं नाव आठवतंय तोवर सापडली पाहिजे."

मी गुडघ्यांची माती झटकून तडक घरी आले.

कारण नाना शोधत होते विजेच्या डीपीपाशी. आमच्या गल्लीत टँकर नेहमी डीपीपाशीच थांबायचा, आणि माई म्हणायच्या, "टँकरपाशी हरवली." पण त्या दिवशी डीपीपुढं कुणाच्या तरी लग्नाचा मांडव होता. टँकर थांबला होता गल्लीच्या टोकाला, रिकाम्या प्लॉटवर. नानांना ते माहीत असायचं कारण नव्हतं, ते तेव्हा बिडकीनला ड्युटीवर होते. मला माहीत होतं. माईंचं मंगळसूत्र मीच तोडलं होतं.

मी तेव्हा दोन महिन्यांची नवी नवरी. घरात सासू तापानं फणफणलेली, माझा ड्रम रांगेत शेवटचा, टँकर आटत आलेला. पाइप माईंच्या हातात होता. मी तो हिसकला. माझ्या बांगड्या त्यांच्या पोतीत अडकल्या आणि काळे मणी चिखलात सांडले. मी दगडासारखी उभी. माईंनी पदरात मणी गोळा केले आणि माझ्यावरच ओरडल्या, "बघत काय राहिलीस? पाइप धर! पाणी वाया चाललंय!" आणि आधी माझा ड्रम भरून दिला. वाटी गेली ते त्यांना घरी गेल्यावर कळलं. गल्लीला त्यांनी सांगितलं, गर्दीत तुटलं. नवऱ्यालाही तेच. नव्या सुनेचं नाव खराब होऊ नये म्हणून. आणि मी, बावीस घरांत जिच्या तोंडाला कुणी लागत नाही ती मी, इतकी वर्षं गप्प बसले.

अजूनही बसले असते. पण त्याच आठवड्यात प्लॉटवर जेसीबी आला. गल्लीतली ती शेवटची मोकळी जागा, आता तिथंही चार मजले उठणार होते. मी तशीच पिठाच्या हातानं धावत नानांकडं गेले आणि दारातच सगळं बोलून टाकलं. बांगड्या, पाइप, मांडव, सगळं.

नानांनी डोळे मिटले. "ग्राउंड घेऊ दे."

ते अर्धं मिनिट मी जन्मात विसरणार नाही. मग त्यांनी डोळे उघडले आणि जे कडाडले!

"म्हणजे डीपीपाशी नव्हतीच? तीन महिने मी चुकीच्या जागी? अगं बये, आधी सांगितलं असतंस तर माझं एक पोतंभर गुटखा उकरायचं वाचलं असतं!"

बस्स. मंगळसूत्राबद्दल एक शब्द नाही. हेडफोन घातला आणि निघाले.

जेसीबीवाले रशीदभाई चांगला माणूस. म्हणाले, "क्या ढूंढरे चाचा? सोना है क्या?"

"हौ. आधा," नाना म्हणाले. "आधा घर पे है."

रशीदभाईंनी काय ते ओळखलं आणि जेसीबी बंद करून खाली उतरले. प्लॉटवर नंतरच्या वर्षांत मुरमाची भर पडलेली होती. मुरमावर डिटेक्टर आपला डोंगरासारखा खोटं बोलत होता. पण नाना आता मुरमाला ओळखून होते. "हा लाल थर नुसता साल काढल्यासारखा काढा. काळी माती दिसली की थांबा. काळ्या मातीवरच सांडली ती."

रशीदभाईंनी खरंच साल काढली. खाली काळी माती लागली. मी टँकर कुठं होता, माझा ड्रम कुठं होता, ते पायानं रेघ मारून दाखवलं. नानांनी ग्राउंड घेतलं आणि चालायला लागले. पहिला आवाज, गुटखा. दुसरा, गुटखा. त्या सालचे लोकही काही कमी नव्हते. ऊन तापलं. रशीदभाई डोक्याला रुमाल बांधून नानांबरोबर चालत होते. अकरावा की बारावा आवाज. नाना बसले, बोटांनी माती फोडली आणि बसूनच राहिले. तळहातावर मातीनं भरलेली, कडेला चेपलेली, हरभऱ्याएवढी वाटी.

मी रडले. उगाच कशाला लपवू, भोकाड पसरलं.

नाना घरी गेले. स्वतःच्याच घराच्या दाराची कडी वाजवली. माईंनी दार उघडलं. नानांनी हात पुढं केला.

"आपलं काही हरवलंय का?"

माईंनी वाटीकडं बघितलं, नानांकडं बघितलं. "अगंबाई! तुमच्याकडची!" आणि लहान मुलीसारख्या टाळ्या वाजवून हसल्या. त्या दिवशी त्यांनी नानांना दोनदा नावानं हाक मारली. नानांनी ते मला चारदा सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी माई पुन्हा रस्त्यात होत्या. डीपीपाशी वाकलेल्या. वाटी गळ्यात ओवलेली, आणि शोधतायत.

मला वाटलं, आता नाना खचले. मी धावत गेले तर ते माईंचा हात धरून सावकाश घरी आणत होते. "चल, शोधू. मी आहे ना," एवढंच म्हणत होते.

तेव्हापासून रोजचा कार्यक्रम असा. माईंच्या आंघोळीच्या वेळी नाना ती वाटी गळ्यातून सोडवून घेतात आणि अंगणातल्या घमेल्यात पुरतात. सोमवारी काळी माती, मंगळवारी वाळू. मुरमात कधीच नाही, तिथं मशीन फसवतं आणि माईंना फार वेळ थांबवत नाही. मग माई खुर्चीत बसतात, नाना हेडफोन घालून ग्राउंड घेतात, मशीन बारीक आवाज देतं, आणि वाटी सापडते. रोज. माई रोज टाळ्या वाजवतात. रोज म्हणतात, "अगंबाई! तुमच्याकडची!"

मी रोज तिथं असते. चहा मी नेते. त्यांनी मला सांभाळून घेतलं, त्याची फेड चहानं होत नाही हे मला कळतं, पण नेते.

परवा वाटी सापडल्यावर माईंनी मला खुणेनं जवळ बोलावलं. मी कोण हे त्यांना ठाऊक नव्हतं. माझ्या कानाशी लागून म्हणाल्या, "अहो, एक करा. त्या टोकाच्या घरात नवी सून आलीय ना, वंदना, तिला यातलं काही सांगू नका. तिचा हात लागून तुटलं. पोर नवी आहे, जिवाला लावून घेईल."

"नाही सांगणार, माई," मी म्हटलं.

"शपथ?"

"शपथ."

मग त्या निश्चिंत झाल्या आणि बशीत चहा ओतून प्यायल्या.