कोरड्या बाकावरचे पोहणे

पहाटे साडेपाच वाजता आमच्या समोरच्या घराच्या तिण्णैवर एक गृहस्थ पालथे पडून पोहत असत. तिण्णै म्हणजे रस्त्याला लागून असलेला ओटा. त्याच्यावर एक अरुंद बाक, बाकावर उशी, उशीवर पोट, आणि दोन्ही बाजूंना हवेत चालणारे हातपाय. अंगात बनियन आणि खाकी अर्धी चड्डी. कपाळावर गोपीचंदनाची उभी रेघ. दूधवाला सायकल थांबवून मिनिटभर पाही आणि दूध घालून निघून जाई. पहिल्या आठवड्यात तो हसला होता. पुढे त्यालाही सवय झाली.

हे आमचे सेतुमामा. पूर्ण नाव सेतुमाधवराव. माझे सख्खे मामा नव्हेत, पण तंजावूरच्या राजवाड्यामागे आमच्या गल्लीत जी सात-आठ मराठी घरे आहेत, तिथे वडीलधारे सगळे मामा आणि मामीच. ओरत्तनाडूच्या एका सरकारी कचेरीत ते हेडक्लार्क होते. रिटायर व्हायला एक वर्ष राहिले होते. तोवर आयुष्यात कधी पळाले नव्हते. डोळ्यांदेखत बस सुटली तर तिच्यामागे न धावता पुढच्या बसची वाट पाहत उभे राहात.

त्या वर्षी गल्लीत केबल आली. पहिली आमच्या घरी. मामा क्रिकेट पाहायला आले, आणि रिमोटवर माझे बोट चुकून दुसऱ्याच चॅनेलवर गेले. तिथे परदेशातली काही माणसे समुद्रातून बाहेर येऊन ओल्या अंगाने सायकलवर चढत होती. सायकल टाकून पळत सुटत होती. मामा पाऊण तास हलले नाहीत.

“एकामागून एक तीन कामें,” ते शेवटी म्हणाले, “आणि मध्यें कॉफीची सुटी नाहीं!”

कचेरीतल्या माणसाला हे फार लागले असावे. पंधरा दिवसांनी गावातल्या एका क्लबाचे पत्रक आले: पुढच्या पोंगलच्या सुटीत ट्रायथलॉन. गावातून जाणाऱ्या कालव्यात तीनशे मीटर पोहायचे, मग वीस किलोमीटर सायकल, मग पाच किलोमीटर पळायचे. मामांनी नियम तीनदा वाचले. “अप्पर एज लिमिट लिहिलेली नाहीं. लिहिलेली नाहीं म्हणजे नाहीं,” असे म्हणून त्यांनी फॉर्म भरला. व्यवसायाच्या रकान्यात हेडक्लार्क. पूर्वानुभवाच्या रकान्यात ‘तेहतीस वर्षें सर्व्हिस’.

अडचण एकच. मामांना पोहता येत नव्हते. दुसरी अडचण म्हणजे तो फेब्रुवारी होता. आमच्या कालव्याला पाणी येते ते वर मेट्टूरचे धरण जूनमध्ये उघडले की. जानेवारीच्या शेवटी ते बंद होते, आणि मग चार-साडेचार महिने कालव्यात मुले क्रिकेट खेळतात.

“पाणी जूनमध्यें येईल,” मामा म्हणाले. “तोंवर पेपरवर्क पुरें करून ठेवूं.”

पेपरवर्क म्हणजे बाकावरचे पोहणे.

त्यांनी एक लांब वही आणली, तिच्यात रूळ लावून रकाने आखले: तारीख, काम, वेळ, रिमार्क्स. मग रस्ता ओलांडून आमच्या दारात आले. मी बी. कॉम. होऊन घरात बसले होते आणि कॉम्प्युटर क्लासला जायचे की नाही याचा विचार करत होते. मुख्य म्हणजे क्लासच्या काउंटरवर जाऊन विचारायचे कसे, याचा.

“कां गे सरसू, तुझ्या घड्याळांत स्टॉपवॉच आहे ना? उद्यांपासून तूं टाइमकीपर.”

“मी?” मी म्हटले.

“तूं बोलत नाहींस. टाइमकीपरला हेंच क्वालिफिकेशन.”

अशी मला पहिली नोकरी लागली. कामाचा नियम एकच: रिमार्क्सचा रकाना रिकामा ठेवायचा नाही. “रिकामा रकाना म्हणजे कुणी पाहिलेंच नाहीं,” मामा म्हणत.

पळण्याचा सराव मात्र सोपा गेला नाही. पहिल्या दिवशी मामा पहाटे गल्लीतून धावत गेले, तेव्हा चार घरांचे दिवे लागले. हेडक्लार्क धावतो आहे म्हणजे कुणीतरी गेले, असे सगळ्यांनी धरले. कोपऱ्यावरचे म्हातारे अण्णा अंगावर पंचा टाकून मागून पळत आले आणि विचारू लागले, “कोण? कोठें? केव्हां नेणार?” मामा दमलेले, त्यांच्याने उत्तर देववेना. त्यामुळे तर अण्णांची खात्रीच पटली. दुसऱ्या दिवशी मामांनी कचेरीतून टाइप करून आणलेले सर्क्युलर घरोघर फिरवले: खाली सही करणारा रोज साडेसहा ते सात या वेळेत पळेल, तरी कोणी घाबरू नये. प्रत्येक घराची सही घेतली. अण्णांनी सहीखाली ‘फार आनंद’ असे लिहिले.

सायकलचे त्यांनी आणखी सरळ केले. ओरत्तनाडूला बसने जाणे बंद. सायकलच्या हँडलला डबा, पँटला क्लिपा, आणि पाठीमागे ‘हळू चालवा’ अशी तमिळमध्ये पाटी. ती कुणासाठी होती कळत नसे, कारण मामांपेक्षा हळू त्या रस्त्यावर फक्त बैलगाड्या होत्या.

आता मामींबद्दल सांगते.

पद्मामामींना आदल्या दिवाळीनंतर अर्धांगाचा अटॅक आला होता. उजवा हात परत आला, पाय अर्धा आला. बोलणे आले, पण जड आणि ओढत. डॉक्टरांनी सांगितले, जीभ ठीक आहे, पण बोलल्या पाहिजेत. घरात बोला, मग चार लोकांत बोला, नाहीतर आहे तेही जाईल. पण ज्या मामी गल्लीच्या या टोकावरून त्या टोकाच्या भाजीवालीला फैलावर घेत, त्यांना आपला तो आवाज सोसवेना. कुणी आले की त्या पाय ओढत आत जात. माझ्या आईशीसुद्धा मानेनेच. आई मामांना म्हणे, “बाहेर बसवा हो त्यांना.” मामा म्हणत, “येईल तेव्हां येईल.” मला मामींचे थोडे समजत होते. मीही दुकानात जाताना वाक्य तयार करून नेते आणि पुष्कळदा तसेच परत आणते.

बाकावरच्या पोहण्याचा चौथा दिवस होता. मामा हात मारत होते, मी पायरीवर बसून सेकंद मोजत होते. इतक्यात खिडकीच्या गजांमागून आवाज आला.

“खां... दा.”

मामा हवेतच थांबले. “काय?”

“कोंपर... नको. खांदा.”

मामी तिरुवैयारूच्या. कावेरीच्या काठची मुलगी. लग्नाआधी त्या नदी पोहून पलीकडे जात, हे मला नंतर आईने सांगितले. लग्नानंतर या गल्लीत आल्या आणि सासूबाईंच्या राज्यात विहिरीच्या पोहऱ्यापलीकडे पाणी पाहिले नाही.

मामांनी मान वळवली नाही. त्यांनी मला कचेरीच्या आवाजात सांगितले, “नोट करून घे. रिमार्क्स: खांदा.”

त्या दिवसापासून पहाटे मामी खिडकीत असत. मी पायरीवर असले तरी चालत असे. मी माणसात जमा नव्हते. वहीतला रिमार्क्सचा रकाना मामींच्या तोंडून भरू लागला. मार्चमध्ये एक-एक शब्द: खांदा. मान. पाय. एप्रिलमध्ये दोन-तीन: ‘मान खाली घाला.’ मे संपता संपता रकाना पुरेना. ‘पाय आपटूं नका, पाणी मारायला नाहीं, सारायला असतें. म्हैस बरी तुमच्यापेक्षां.’ हे सगळे मी अक्षरशः लिहिले आहे. म्हशीच्या ओळीवर मामांनी त्याच दिवशी तारीख घालून सही केली.

दूधवाला दिसला की मात्र खिडकी बंद.

जूनमध्ये धरण उघडले आणि काही दिवसांनी पाणी गावात आले. सगळे गाव पुलावर पाहायला गेले. मामाही गेले, घाटाच्या पायरीवर उभे राहिले, आणि त्यांचा चेहरा असा झाला की जणू ऑडिटवाले आले आहेत. सत्तावन्न वर्षे या कालव्याशेजारी राहून ते कधी गुडघ्यापलीकडे उतरले नव्हते. केळीचा एक जाड बुंधा आणला, तो काखेत धरला, आणि “नारायण, नारायण” म्हणत आत गेले. पहिल्या दिवसाची नोंद: चार मीटर, बुंध्यासह. वेळ: मी घड्याळ लावायला विसरले.

बुंधा काही सुटेना. ऑगस्टमध्ये, तमिळ आडी महिन्याच्या अठराव्या दिवशी, बायका आमच्या कालव्यावरच नदीची पूजा करतात, फुले आणि हळदकुंकू पाण्यात सोडतात. मामांना ते आठवले नाही. ते आपले बुंधा धरून वरून वाहत आले ते थेट पूजेत. एका आजीबाईंनी बुंध्याला हळद लावली. मामांना तो सराव बंद ठेवता येईना आणि बाहेरही येता येईना. ते झेंडूची माळ घेऊन तसेच पुढे गेले. मामींना त्या दिवशी मी स्वतः ही गोष्ट सांगितली. पूर्ण. मधे न थांबता. खिडकीतून इतका हसण्याचा आवाज आला की मी वहीत लिहिले: ‘हसल्या. मोजले नाही.’

दिवाळीच्या सुमारास एकदा बुंधा मामांच्या हातून सुटला आणि पुढे निघून गेला. मामा त्याच्यामागे गेले. तो सापडेपर्यंत त्यांना कळले नव्हते की आपण पोहत आहोत.

डिसेंबरमध्ये मी एक गोष्ट पाहिली, ती वहीत लिहिली नाही.

कालव्यात, धुके असताना, मामांचा हात पाण्याबाहेर येत होता तो खांद्यापासून. कोपर सैल, मान खाली. मामींनी सांगितले होते अगदी तसे. घाई नाही, आवाज नाही. मी पुलावरून पाहत राहिले. दुसऱ्या दिवशी पहाटे ते बाकावर पालथे पडले आणि कोपर पुन्हा तसेच वाकडे. पहिल्या आठवड्यात होते त्यापेक्षा वाकडे.

“अय्यय्यो!” खिडकीतून आवाज आला. “दहा महिने झाले! भिंतीला सांगितलें असतें तर भिंत पोहली असती!”

“तर मग एकदां नीट दाखव ना,” मामा बाकावरून म्हणाले.

मामी खिडकीपासून बाजूला झाल्या. थोड्या वेळाने पाय ओढण्याचा आवाज दारापर्यंत आला. त्या तिण्णैवर आल्या, आणि मामांचा दंड धरून वर्तुळ काढून दाखवू लागल्या. मी घड्याळाकडे पाहत बसले. दूधवाल्याची घंटा वाजली तशा त्या आत गेल्या. पण दारात क्षणभर थांबून गेल्या.

ट्रायथलॉन रविवारी होते. तरी मामांनी कचेरीत रजेचा रीतसर अर्ज दिला होता: पोहणे, सायकल चालवणे व पळणे या कारणासाठी. साहेबांनी त्याच्यावर ‘पाहिले’ असा शेरा मारला.

कालव्याच्या दोन्ही काठांवर गाव लोटले होते. कॉलेजची बावीस मुले आणि सेतुमामा. शेवटच्या घाटाजवळ एक ऑटोरिक्षा उभी होती. ऑटोत मामी, मांडीवर फ्लास्क. येईन असे त्या म्हणाल्या नव्हत्या. सकाळी मामा गेल्यावर त्यांनी मला बोलावून एवढेच म्हटले, “ऑटो... आणतेस?” आता पदर डोक्यावरून पुढे ओढून त्या कोपऱ्यात बसल्या होत्या. शेजारच्या बाईंनी विचारले, “बऱ्या आहात ना?” मामींनी मान हलवली.

शिटी वाजली. मुले गेली. ती घाटावर येऊन, सायकली घेऊन निघूनही गेली. मग वळणावरून मामा दिसले. एकटे. मागे ट्यूब घेतलेले दोन पोहणारे. हात खांद्यापासून येत होता. मला ऑटोपासूनही दिसत होते. काठावरचे लोक टाचा उंचावून पाहत होते.

घाट पंचवीस-तीस मीटरवर आला तेव्हा मामांनी मान वर काढली. चष्म्याशिवाय त्यांना काय दिसले असेल ते असो, पण ऑटोचा पिवळा रंग दिसला असावा. पुढचा हात कोपरातून वाकडा आला. मग दुसरा. पाणी चारी बाजूंना उडाले. मान वर, पाय धाडधाड. लोक हसायला लागले. ट्यूबवाले घाबरून पुढे सरकले.

ऑटोची दांडी धरून मामी उठल्या. पदर खाली आला. 

“कोंपर नव्हे!” तो आवाज पलीकडच्या काठावर गेला. जड, ओढलेला, आणि भाजीवालीच्या वेळचा. “खां-दा! खांदा! किती वेळां सांगूं तुम्हांला! अस्क्या गांवासमोर म्हैस झालांत!”

सगळ्यांनी वळून पाहिले. मामी बसल्या नाहीत. “मान खाली!” त्या ओरडल्या. “अजून! हां. आतां खांदा!”

मामांनी मान खाली घातली आणि खांदा सुधारला.

पाण्याबाहेर येऊन त्यांनी सायकलकडे धाव घेतली नाही. पूर्वेला तोंड करून सूर्याला तीन अर्घ्ये दिली. मग ऑटोपाशी येऊन उभ्याने कॉफी घेतली. स्वयंसेवक म्हणाला, “सर, टाइम!” मामा म्हणाले, “पहिली फाइल क्लोज झाली. दुसरी उघडायला कॉफी लागते.” मामी त्यांच्या डोक्यावर पंचा चोळत स्वयंसेवकाला तमिळमध्ये काहीतरी सुनावत होत्या. तो “सरि मामी, सरि मामी” म्हणत होकारार्थी मान डोलवत होता.

मामा दुपारी बारा वाजता पळत आले, तेव्हा मांडव सोडायला सुरुवात झाली होती. तेवीसपैकी तेविसावे.

संध्याकाळी मी वही घेऊन समोर गेले. मामा बाकावर बसले होते, यावेळी पाय खाली सोडून. आतून मामी शेजारच्या बाईंना सकाळची सगळी हकिगत सांगत होत्या, मोठ्याने. कालव्याचे पाणी आता दहा-बारा दिवसांत बंद होणार होते.

“वेळ लिहिलीस?”

“लिहिली.”

“रिमार्क्स?”

मी वही पुढे केली. मी लिहिले होते: ‘खांदा अजून चुकतो. बाकावरचा सराव पुढे चालू ठेवणे.’

मामांनी चष्मा लावला. ती ओळ वाचली. मग चष्मा काढून, पुसून, पुन्हा लावून माझ्याकडे पाहिले. आतून हसण्याचा आवाज आला.

खिशातले पेन काढून त्यांनी ओळीखाली तारीख घातली आणि सही केली.

“उद्यां साडेपाच,” म्हणाले.