नलूताईंचा ओला कापूस

नलूताई चिडल्या की माणसाला "फ्लॅश" म्हणतात. फुलपाड्यातल्या आमच्या सोसायटीत निम्म्या लोकांनी ही शिवी खाल्लीय. अर्थ मात्र मला एकटीलाच कळलाय, आणि त्यासाठी माझं एक पातेलं गेलंय.

ताई पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवायच्या. त्या निवृत्त झाल्या, पण त्यांचं शिकवणं काही निवृत्त झालं नाही. मी पडले शेजारीण, म्हणजे आयती विद्यार्थिनी! एकदा पोह्यांचा डबा बदलायला मी कपाटाचा अख्खा खण रिकामा करून बसले होते. ताई दारातूनच ओरडल्या, "एका डब्यासाठी एवढा पसारा? अगदी फ्लॅश आहेस गं!"

"अहो, पण म्हणजे काय?"

"तुझ्या मोबाइलमधली मेमरी. तिला लिहिलेलं जागच्या जागी बदलता येत नाही. नवं दुसरीकडे लिहायचं, आणि जुनी जागा हवी असली की आजूबाजूचं सगळं हलवून अख्खा कप्पा पुसायचा. पुसून पुसून कप्पा झिजतो बिचारा."

"मग तिनं करावं तरी काय?"

"फेज चेंज मेमरीकडून शिकावं!" जावयाचं कौतुक सांगावं तशा ताई खुलल्या आणि थेट माझ्या ओट्याशी गेल्या. माझ्या पातेल्यात साखरेचा पाक केला, तळाशी जरा करपवलाच. चमचाभर बर्फाच्या पाण्यात टाकला, त्याची टणक काच झाली. उरलेला वाटीत ओतून झाकून ठेवला. काही दिवसांनी त्यात खडे धरले.

"बघ, साखर तीच. झटकन गार केली की काच, सावकाश जमू दिली की खडे. या मेमरीतही असाच एक पदार्थ असतो. विजेचा जोरदार झटका देऊन वितळवला आणि लगेच गार होऊ दिला, की शून्य. बेताच्या आचेवर जरा जास्त वेळ ठेवला, की एक. आधी पुसायची भानगडच नाही. हवा तो कण बदलायचा, शेजारचा जागचा हलत नाही."

"एवढी गुणाची, तर मग सगळीकडे का नाही?"

"महाग पडते. शिवाय दर वेळी तापवावं लागतं. चटका बसल्याशिवाय बदल नाही."

पातेल्याला बसलेला चटका मी अजून घासतेय.

अशा बाईंनी लॉबीत भरलेल्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये नव्या स्क्रीनला विरोध केला, तेव्हा आम्ही चाटच पडलो. आमच्या लॉबीत पाण्याच्या वेळेचा खडूचा फळा आहे, काचेच्या दाराआड. किल्ली ताईंकडे. रोज सकाळी त्या ओला कापूस घेऊन येतात, फक्त आकडा टिपतात आणि नवा लिहितात. सेक्रेटरी राणे म्हणाले, "फळा काढू, स्क्रीन लावू."

"फळ्याला हात लावायचा नाही!"

"ताई, अहो तुम्हीच असं म्हणता? नव्याचं एवढं वेड तुम्हाला!"

ताईंनी फळ्याकडे बोट केलं. मग हळूच म्हणाल्या, "आकडा माझा आहे, राणे. बाकीची ओळ ह्यांची आहे."

आम्ही सगळे फळ्याकडे वळलो. 'आज पाणी ७ वाजता. घाई नको, सगळ्यांना पुरेल.' ताईंचे मिस्टर, दामूकाका, वसईच्या वाडीत केळींना पाणी पाजत मोठे झालेले. सोसायटीच्या पाण्याचं तेच बघायचे. काका जाऊन वर्ष उलटलं होतं. रोज ती ओळ वाचून मी बादल्या लावत होते, पण अक्षर कुणाचं हे कधी मनातही आलं नव्हतं.

राणे खाकरले. "स्क्रीन समोरच्या भिंतीवर लावू," म्हणाले आणि चहा मागवला.

परवा ताईंना ताप होता. मला बोलावून त्यांनी किल्ली आणि कापसाचा बोळा हातात दिला. "आज नऊला येणार आहे पाणी. फक्त आकडा हं!"

मी खाली गेले. बोळा तीनतीनदा पिळला. आदल्या दिवशीच्या आठाच्या जागी नऊ लिहिला, तो चांगलाच वाकडा आला. वर येऊन सांगितलं, "ताई, आकडा वाकडा झाला हो."

"होऊ दे. बाकीचं?"

"आहे तसंच आहे."

त्यांनी डोळे मिटले. "मी तरी काय गं, रोज ह्यांचं अक्षर बघते, चटका घेते आणि येते," म्हणाल्या, आणि माझा हात बराच वेळ सोडला नाही.