दुसरी खोली सर केल्याची हकीकत

ऐकणारांनी चित्त सावध करावे. सरकारी भाड्याच्या इमारतीत, तळमजल्यावर, अखंडलक्ष्मीअलंकृत काकूसाहेब यांचे एका खोलीचे राज्य होते. त्यात काकासाहेब, चिरंजीव वायरमन, दोन कपाटे, लोखंडी खाट, धान्याचे पिंप आणि सासूच्या सासूपासूनची भांडी ऐसा जमाव नांदत होता. रात्री एकाने कूस बदलावयाची तर बाकीच्यांची मंजुरी घ्यावी, ऐसा तेथील कायदा.

चिरंजीवांचे लग्न दवाखान्यातील नर्सबाईंशी ठरले, आणि मग बाईंनी निर्वाणीचा निरोप धाडिला की, "मला तू पसंत, तुझी आईही पसंत. पण दुसरी खोली मिळेपर्यंत मी काही येत नाही." बाईंचे म्हणणे वाजवी होते, हे आम्ही ठासून लिहितो. चिरंजीवांनी जेवण सोडले नाही, परंतु दुसऱ्यांदा भात घेणे सोडले. आईचे काळीज तुटले.

इतक्यात वर्तमान आले की, भाड्याची घरे पुरेशी की अपुरी, याविषयी रहिवाशांची मते घेण्यास हुजुरातून पाहणीसाहेब निघाले आहेत, आणि ज्याचे घर अपुरे ठरेल त्यास दोन खोल्या बहाल होतील. परंतु होणारास कोण टाळी? परका माणूस येणार आणि पसारा पाहणार, हे काकूसाहेबांच्याने सोसवेना. मग त्यांनी हुकूम सोडिला, आणि कपाटे, खाट, पिंप, भांडी, सारा सरंजाम शेजारी शिंपीणबाईंच्या मुलखात रवाना केला, आणि फरशी ऐसी पुसली की पालीचा पाय घसरावा. काकासाहेब "अगं, पण" इतकेच बोलले. या मोहिमेत त्यांचे तेवढेच भाषण नमूद आहे.

साहेब आले, खिडकीखालच्या स्टुलावर स्थानापन्न जाहले, आणि पुसते जाहले की, "घर पुरतं का?" पाहुण्यापुढे रडगाणे नको, म्हणून काकूसाहेबांनी जबाब दिला, "चाललंय की छान. साखर किती घालू?"

"ऐसपैसच आहे हो," म्हणोन साहेबांनी 'पुरेसे' लिहावयास पेन उघडले. दारात चिरंजीव उभे होते. त्यांचे तोंड पाहताच काकूसाहेब चरकल्या. टापटिपीपायी पोराचे लग्न बुडत होते.

मग त्या रणरागिणीने साहेबांच्या दोन्ही हातांत काठोकाठ भरलेली चहाची बशी दिली, जेणेकरून पेन खाली ठेवावे लागावे, आणि फर्मान काढिले, "आणा रे सगळं परत!" आणि मग पहिले कपाट चालून आले, आणि त्यामागे दुसरे, आणि खाट, आणि पिंप, आणि भांडी, आणि शिंपीणबाईंनी गर्दीचा फायदा घेऊन आपली मोडकी खुर्चीही आत लोटली. साहेब बशी सांभाळीत "अहो, अहो" करीत राहिले, आणि हा हा म्हणता हनुवटीपर्यंत वेढले गेले. काकासाहेब दोन कपाटांमध्ये गिरफ्तार जाहले.

काकूसाहेब पिंपापलीकडून म्हणाल्या, "हे आमचं रोजचं, साहेब. मघाशी लाज वाटली म्हणून लपवलं."

साहेबांनी उठू पाहिले, उठवेना. दाराकडे वाट नव्हती. तेव्हा त्यांनी पातेल्याच्या बुडावर कागद ठेवून 'अपुरे' लिहिले, आपखुशीने खाली रेघ ओढिली, आणि खिडकीवाटे बाहेर उतरते जाहले. उतरता उतरता म्हणाले, "आमचं कपाट तर जिन्यातच ठेवलंय. आमच्याकडे पाहणीला कोण येणार?" काकूसाहेबांस त्यांची दया आली, आणि त्यांनी उरला चहा खिडकीतून त्यांस पाजिला.

पुढे दोन खोल्यांची किल्ली हाती आली आणि लग्न लागले. पहिल्याच आठवड्यात नवराबायकोची कशावरून तरी जुंपली, आणि सूनबाईंनी आतल्या खोलीचे दार ऐसे आपटिले की कपाटावरची परात खाली आली. काकासाहेब समजूत घालावयास उठले. काकूसाहेबांनी त्यांस हात धरून बसविले. त्या माउलीचे डोळे भरले होते.

"आपटू दे," त्या म्हणाल्या. "आपल्याला कधी आपटता आलं का?"

सबब दुसरी खोली पुरती कबज्यात आली, मोहीम फत्ते जाहली, हे येथे दाखल केले असे.