हकीकत झुंबरबाईंच्या गोल भट्टीची, आणि वास कोणाचा ते ठरल्याची

श्री.

शके एकोणीसशें अकरा, पौष मास, मौजे बोईसर, तालुके पालघर, येथील कामगार वसाहतीमध्ये जी धामधूम जाहली, तिची खरी हकीकत लिहून ठेवणे प्राप्त जाहले. कारण की पुढील इमारतीचे लोक एक सांगतात, मागील इमारतीचे दुसरेच सांगतात, आणि ज्यांनी त्या दिवशी दारे लावून घेतली होती ते सर्वांहून अधिक सांगतात. सबब पाहिले ते, हुंगले ते, आणि जिन्यात उभे राहोन ऐकिले ते, पदरचे काही न घालता लिहितो. वाचणाराने रुमाल जवळ ठेवावा.

वसाहतीच्या पश्चिमेस कारखान्यांचा मुलूख. त्यांपैकी एका कारखान्याचा या हकीकतीशी संबंध आहे. त्याचे नाव लिहीत नाही, कारण वसाहतीतील निम्म्या चुली त्याच्या पगारावर पेटतात आणि त्यांत आमचीही आहे. सायंकाळ जाहली म्हणजे दांडी-नवापुराकडून दर्यावरील वारा सुटे, आणि तो या कारखान्यावरून येता येता सडकी अंडी व जळके रबर यांचा एकत्र मसाला केल्याप्रमाणे वास घेवोन वसाहतीत दाखल होई. मग बायका खिडक्या लावीत, पुरुष बातम्या मोठ्याने लावीत, आणि मुले तैसीच खेळत. पहिली काही वर्षे लोकांनी अर्ज केले, आणि कारखान्याने प्रत्येक वेळी चौकशी सुरू असल्याचे कळविले, आणि चौकशी इतकी वर्षे सुरू राहिली की अर्ज लिहिणारे सेवानिवृत्त होवोन गावी गेले. जे राहिले त्यांस सवय जाहली.

याच वसाहतीत दुसऱ्या मजल्यावर झुंबरबाई साहेब राहात. मूळ ठिकाण बार्शीकडील, अंगाने सडपातळ, जिद्दीने भारी. यजमान खंडेराव, सदर कारखान्यातच यंत्रावर, तीन पाळ्यांत फिरती चाकरी. खंडेरावांचा स्वभाव ऐसा की घरात वाद निघाला म्हणजे त्यांस पाळीची वेळ आठवे, आणि पाळी नसली तर सायकलीत हवा भरण्याची.

उभयतांची एकुलती कन्या राही वैशाखात पालघरास दिली. लग्नात सोने बेताचे घातले. त्यावर विहीण साखरबाई यांनी मांडवातच मुलीच्या गळ्यातील सर तळहातावर तोलून पाहिला आणि चार जणींदेखत काही न बोलता खाली सोडिला. तो न बोललेला शब्द झुंबरबाईंच्या काळजात रुतला. पुढे पहिली संक्रांत माहेरी करण्याचे ठरले, तेव्हा साखरबाईंनी निरोप धाडिला, तो शब्दशः येणेप्रमाणे: “हलव्याचे दागिने तरी भरघोस घाला म्हणावं. साखरेला सोनार लागत नाही.”

हा निरोप ऐकून झुंबरबाईंनी हातातील लाटणे खाली ठेविले आणि पण केला की, संक्रांतीस लेकीच्या अंगावर ऐसे दागिने चढवीन की जे विरघळणार नाहीत, ज्यांस मुंगी शिवणार नाही, आणि जे पाहून विहीणबाईंचा तळहात आपोआप मागे जाईल. खंडेरावांनी हा पण ऐकिला आणि ते सायकलीकडे गेले.

आता बाईंचा दुसरा गुण सांगणे जरूर. त्यांस जुन्या मालाचा षोक भारी. स्टेशनाजवळील भंगाराच्या गल्लीत त्यांची स्वारी आठवड्यास एकदा तरी निघे, आणि दवाखान्यातील सुया उकळण्याचा डबा लोणच्याकरिता, चाके गेलेली बाबागाडी कांद्यांकरिता, ऐसा मुलूख त्या काबीज करून आणीत. ऐशाच एका स्वारीत, पत्र्यांच्या ढिगाखाली त्यांस एक खोका गवसला. खेळणी करणारा कोणी कारखाना बुडाला होता, त्याचा हा उरलेला माल. आत रंगीबेरंगी वड्या, मेणाहून घट्ट, कणकेहून मऊ, आणि वेष्टणावर परमुलखी मजकूर. पण चित्रे मात्र कोणासही उमजावीत ऐसी: प्रथम हाताने मणी वळावा, मग भट्टीत भाजावा, मग गळ्यात घालावा. बाईंनी एक वडी चिमटीत मळून पाहिली. ती मोत्यासारखी वळली आणि बोटास चिकटली नाही. त्या समयी बाईंस मांडवातील तो तळहात दिसला.

राहिली भट्टी. तीही त्याच गल्लीत होती: विजेची, गोल, केक भाजण्याची, झाकणास काच, काचेस तडा, आणि ऊब कमी-जास्त करण्याचा खटका झिजून त्यावरील आकडे पुसलेले. भंगारवाले उत्तरेकडील, बहुत धोरणी. त्यांनी बाईंच्या डोळ्यांकडे पाहिले आणि भट्टी फडक्याने पुसण्यास आरंभ केला. बाईंनी जुना कुकर पुढे केला, तो परतविला. पितळी तांब्या पुढे केला, तोही परतविला. मग भंगारवाले म्हणाले, “भाभी, कोई कोट-पतलून हो तो बोलो. भतीजे की शादी है.” तेव्हा बाई तडक घरी आल्या, आणि खंडेरावांचा लग्नातील सूट, जो त्यांच्या अंगास आता कोठेच बसत नव्हता, तो कपाटातून काढोन दिला, आणि भट्टी रिक्षात घालोन आणिली. खंडेरावांनी संध्याकाळी रिकामा हँगर पाहिला. त्यांनी त्यावर आपला सदरा अडकविला आणि चहा मागितला.

मग बाईंनी मणी वळिले. ठुशी, तन्मणी, बाजूबंद, मुकुट, ऐसा सर्व सरंजाम पांढरा व त्यात केशरी ठिपका, हलव्यास लाजवील ऐसा सिद्ध केला, आणि परातींत मांडिला. पैकी पहिली परात बांगड्यांची. ती भट्टीत घालोन बाईंनी खटका आपल्या अंदाजाने फिरविला. अंदाज भाकरीचा होता. बांगड्या प्रथम पिवळ्या, मग तपकिरी, मग काळ्या जाहल्या, आणि त्यांतून ऐसा उग्र धूर उठला की बाईंचे डोळे चुरचुरले, आणि वास जिन्याने खाली उतरोन दोन्ही इमारतींत फिरला.

येथे लक्षात घेणे की, त्या आठवड्यात कारखाना वार्षिक साफसफाईकरिता बंद होता आणि हवा कधी नव्हे ती स्वच्छ होती. लोकांस ती परकी वाटत होती. काहींस तर झोप लागेना. सबब वास येताच वसाहत जागी जाहली.

वसाहतीचे चेअरमन विश्रामराव, यांचे मेहुणे कारखान्यात चिकटावेत याकरिता बरेच दिवस खटपट चालली होती. हे विश्रामराव धाडसाने जिन्यात आले, आणि तेथे नवापूरच्या सोजराबाई सुक्या मासळीची टोपली घेवोन बसल्या होत्या, त्यांसच प्रथम दोषी ठरविते जाहले. सोजराबाई उठल्या नाहीत. टोपली तेवढी पुढे सरकविली.

“माज्या बोंबलांना नाव ठेवू नका, सायेब. हुंगा, खाली वाका नि हुंगा. माजा माल सुका हाय, कुजका नाय. ह्यो वास तुमच्या कारखान्याचा, दुसरा कुनाचा?”

विश्रामराव वाकले नाहीत, परंतु कारखान्याचे नाव निघताच सर्वांनी माना डोलाविल्या. ‘गॅस सुटला’ ऐसी हूल उठली. कोणी मुले उचलिली, कोणी टीव्ही उचलिला, आणि कारखान्यात फोन गेला. आणि मग जे कधी घडले नव्हते ते घडले. ज्या कारखान्यातून इतक्या वर्षांत माणूस आला नव्हता, तेथून सुरक्षासाहेब जातीने जीप घेवोन चहा निवायच्या आत हजर जाहले. कारण उघड होते. कारखाना बंद असल्याचे साहेबांस ठाऊक होते, आणि ऐसा मोका आयुष्यात पुन्हा यावयाचा नव्हता.

साहेब नाक पुढे करोन मजला मजला चढले आणि झुंबरबाईंच्या ओट्यापाशी येवोन थांबले. काळ्या बांगड्या पाहून साहेबांचे मुख ऐसे फुलले की जणू स्वतःच्या मुलाचा निकाल लागला. त्यांनी तेथेच जाहीर केले की, वसाहतीत जो वास येतो त्याचे मूळ सापडले, ते हेच होय, आजचाही हाच आणि मागील सर्व वर्षांचाही हाच, आणि कारखान्यावर नाहक बालंट येत होते. बाई म्हणाल्या, “अहो, भट्टी परवा आणली.” साहेबांनी ते ऐकिले नाही. ऐकण्याकरिता ते आलेच नव्हते.

लगोलग विश्रामरावांनी हुकूम फर्माविला की, भट्टी जप्त करोन सोसायटीच्या दफ्तरात कुलपात ठेवावी, आणि भोगीच्या सायंकाळी सर्व रहिवाशांसमक्ष साहेबांचा शाल-श्रीफळ देवोन सत्कार करावा, आणि त्या समयी खंडेरावांनी उभे राहोन वास आपल्या घरचा होता हे कबूल करावे. साहेबांनी खंडेरावांच्या खांद्यावर हात ठेविला आणि म्हणाले, “काय खंडेराव? आपल्याच कंपनीची अब्रू आहे.” खंडेराव पायांकडे पाहात म्हणाले, “साहेब, भोगीला माझी दुसरी पाळी आहे.” यावर साहेब बोलले की काही हरकत नाही, यजमानीण सांगतील.

भट्टी दोघांनी उचलून नेली. घरात परातींमध्ये कच्चे मणी पडलेले, बोट लागता चेपणारे, आणि संक्रांत तोंडावर. तोफखान्यावाचून किल्ला तो हाच. झुंबरबाई त्या दुपारी जेवल्या नाहीत. एवढी हिमतीची बाई, परंतु परातीवर फडके झाकताना त्यांचे डोळे भरून आले, हे लिहिण्यात कमीपणा नाही. खरे दुःख मण्यांचे नव्हते. लेक संक्रांतीस साखरेचेच घालोन बसेल, आणि विहीण पुन्हा तळहात पुढे करील, याचे होते. मग पदराने तोंड पुसून त्या खाली गेल्या आणि दफ्तरात विश्रामरावांसमोर उभ्या राहिल्या.

“भट्टी तुमच्या कुलपात आहे ना? मग कुलपात असताना वास आला, तर ती तुम्ही स्वतः उचलून माझ्या ओट्यावर ठेवायची. सत्कार आटपेपर्यंत नाही आला, तर मी सगळ्यांसमोर नाक घासते.”

विश्रामरावांस ही अट बहुत फायद्याची वाटली. ते लेखणीचे मनुष्य, त्यांस यंत्रे पुन्हा केव्हा सुरू व्हावयाची याची वार्ता नाही. इकडे साहेबांच्या माथ्यावरही वरचे साहेब होते, आणि माल वेळेत पाठविण्याची निकड होती. सबब सुरक्षासाहेबांनी स्वतःच हुकूम दिला की साफसफाई पुरे, भोगीच्या दुपारी यंत्रे सुरू करावी. ज्या पाळीने ती सुरू करावयाची ती खंडेरावांची होती. निघताना बाईंनी यजमानांच्या हाती डबा दिला.  त्या दिवशी खंडेराव पाळीस अंमळ लौकर निघाले.

भोगीची सायंकाळ. अंगणात सतरंजी, टेबलावर हार, माइक. दोन्ही इमारतींचे लोक जमले. पालघराहून राही सासूसहवर्तमान त्याच दिवशी आली, सबब साखरबाईही पहिल्या रांगेत खुर्चीवर विराजमान होत्या, आणि विहिणीचा न्याय कैसा होतो ते पाहात होत्या. सोजराबाई जिन्याच्या पायरीवर. कारखान्यात खंडेरावांनी साहेबांच्या हुकमाबरहुकूम यंत्राची चाकी फिरविली. हुकमापेक्षा एक वेढा कमी नाही, एक वेढा अधिक नाही. दर्यावरून वारा सुटला.

विश्रामरावांनी शाल पांघरविली आणि माइकवर बोलण्यास आरंभ केला की, साहेबांच्या कृपेने आज या वसाहतीची हवा शुद्ध जाहली आहे. येथवर आले आणि थांबले. मागील रांगेत एका म्हाताऱ्याचे नाक वर जाहले. मग दुसऱ्याचे. मग वाऱ्याने गव्हाचे शेत हलावे तैसी सर्व नाके ओळीने वर जाहली. विश्रामराव माइकात खोकले. सडकी अंडी आली, मागाहून जळके रबर आले, आणि दोन्ही मिळोन सतरंजीवर बसली.

जिन्यावरून सोजराबाई शांतपणे म्हणाल्या, “ह्यो वळखीचा हाय.”

मग जो आनंद उसळला त्यास तोड नाही. लोक एकमेकांस हात देवू लागले. बायकांनी वर जावोन लावलेल्या खिडक्या उघडिल्या, की घरातल्या आजारी माणसांसही कळावे. कोणी तिळगूळ आदल्या दिवशीच वाटिला. “आमचा नव्हे, आमचा नव्हे, कारखान्याचाच,” ऐसा एकच गजर जाहला. सुरक्षासाहेबांनी सत्काराची शाल नाकास लाविली आणि जीपकडे कूच केले. नारळ टेबलावरच राहिला. विश्रामरावांनी दफ्तराचे कुलूप काढिले, आणि भट्टी आपल्या हाती घेवोन, पुढे मुले, मागे मंडळी, ऐशा दिमाखाने दुसऱ्या मजल्यावर नेवोन ओट्यावर ठेविली. झुंबरबाई बोलल्या की जरा डावीकडे. तेव्हा त्यांनी डावीकडे सरकविली.

संक्रांतीस सकाळी बाईंनी खटका अगदी हलका फिरविला आणि काचेवरून नजर न काढता मणी भाजिले. सायंकाळी राही काळ्या चंद्रकळेत, अंगावर मुकुटापासून बाजूबंदापर्यंत पांढरा सरंजाम, बांगड्या मात्र बाजारच्या, ऐसी पाटावर बसली. साखरबाईंनी सवयीप्रमाणे तन्मणी तळहातावर घेतला. मग हलवाच समजोन कडेचा एक मणी तोडिला आणि तोंडात टाकिला. चावला. मणी फुटला नाही. साखरबाईंनी दुसऱ्या बाजूने चावला. मग तोंडास हात लावोन मणी हळूच बाहेर काढिला, पदरास पुसला, आणि सुनेच्या हाती परत दिला. त्या म्हणाल्या, “घट्ट आहे.” पणाप्रमाणे तळहात मागे गेला. येथे फत्ते जाहली.

इतक्यात वारा फिरला आणि साखरबाईंनी पदर नाकास लाविला. पालघरच्या त्या. त्यांनी पुसिले, “आज पुन्हा हा कोणाचा हो वास?”

तेव्हा झुंबरबाईंनी मान ताठ करोन, सर्व बायकांकडे एकवार पाहोन, अभिमानाने सांगितले, “आमच्या ह्यांच्या कारखान्याचा.” आणि वाण लुटण्यास आरंभ केला.

येणेप्रमाणे भट्टी सुटली, दागिने टिकले, विहीण नमली, आणि वास कोणाचा हे कायमचे ठरले. तो बंद करावा, ही गोष्ट त्या आनंदात कोणास सुचली नाही. पुढेही सुचल्याचे ऐकिवात नाही. सदरहू हकीकत आजच्या सायंकाळी, खिडकी लावोन लिहिली असे.