रुखमाबाईचा नवा गुडघा

साहेब, तुम्ही अर्धंच सांगितलं. 'आजी, पळायला लागाल' म्हणालात आणि रुखमाबाईच्या डाव्या गुडघ्यावर सुरी चालवली. पळून तिला जायचं कुठं होतं, हे विचारलं नाही.

तिला धानाच्या रोवण्यात, म्हणजे भातलावणीत, जायचं होतं. तीन पावसाळे बायांच्या ओळीत तिची जागा रिकामी होती, आणि ती धुऱ्यावर, शेताच्या कडेच्या बांधावर, बसून गाणी सांगत होती. गाणं आपलं आणि हात कोरडे, हे तिला गुडघ्यापेक्षा जास्त दुखायचं. चंद्रपूरला जाऊन गुडघा बदलला तो एवढ्यासाठी.

घरी येताना सुजेसाठी पाच दिवसांच्या स्टेरॉइडच्या गोळ्या मिळाल्या. दुसऱ्याच दिवशी बाईची झोप उडाली, भूक पेटली. नवरा नानाजी एकदा भात रांधायचा, तो दोनदा रांधू लागला. दुखणं कुठच्या कुठं. चौथ्या दिवशी तिनं नानाजीला ऐकवलं की तुमीच आता म्हातारे दिसून राह्यले.

पाचव्या दिवशी शेताकडून गाणं ऐकू आलं. नानाजी आंघोळीला बसला होता. बाईनं लुगडं खोचलं, वॉकर घेतला आणि निघाली. धुऱ्यापर्यंत सगळं ठीक. मग तिनं वॉकर बांधीत, पाणी भरलेल्या भातखाचरात, टाकला. त्याचे चारही पाय चिखलात गेले, मागोमाग बाईचे दोन. पुढं जाता येईना, मागं फिरता येईना.

ओळ थांबली. तिची मैत्रीण सुकरी हातातली रोपं टाकून धावली. टाक्यांवरच्या पट्टीच्या चार बोटं खालीच चिखल होता.

"काऊन आली वं बाई?"

"माही जागा कुठी हाय, ते सांग."

सुकरीनं बोट दाखवलं. दोन बायांच्या मधे हातभर जागा मोकळी होती. "तिथीच हाय. कोणाले घुसू नाई देलं."

चौघींनी तिला उचलून धुऱ्यावर ठेवलं. वॉकर काही निघेना. बाया त्याला वळसा घालून रोवू लागल्या.

नानाजी ओल्या अंगानं धावत आला आणि त्यानं तुम्हाला फोन लावला. तुम्ही आधी रागावलात, की गोळीनं दुखणं झाकलं होतं, बरं केलं नव्हतं. मग समजावलंत की गुडघा उत्तम आहे, वीस वर्षं टिकेल; फक्त मांडी घालणं, उकिडवं बसणं आणि चिखलातलं काम कायमचं बंद.

बाईनं फोन हातात घेतला.

"डाक्टरसाहेब, खुर्चीत बसाले मले जुनाच गुडघा पुरत होता. मंग हा नवा कायले टाकला?"

तुम्ही म्हणालात, आवाज येत नाही.

साहेब, बांधीतल्या बारा बायांना तो आवाज ऐकू गेला. ओणव्या होत्या, त्या सरळ उभ्या राहिल्या आहेत. उत्तर द्या.