हिरव्या मण्याचे मोहिमेची हकिकत

"पोर गप्प झालं की हातातलं टाकून आधी उठून बघायचं, ताई," ऐसे दालनाच्या पहारेकरी मावशींनी पहिलेच दिवशी बजाविले होते; आणि बखरलेखिकेने, बालशिक्षणाची पदवी गाठी असल्याकारणे, तो इशारा हसोन उडविला. पुढील अरिष्टाचे मूळ तेथेच जाणावे.

ते ऐसे जे, संग्रहालयात प्राचीन चीन देशीच्या वस्तूंचे प्रदर्शन मांडिले, आणि लहानग्यांकरिता हस्तकलेचे उपक्रम रचावयाची कामगिरी बखरलेखिकेस जाहली. तिने आठवडाभर खपोन मसलत सिद्ध केली की, मुलांनी जेड दगडाची, मधोमध भोक असलेली पुरातन चकती पाहावी आणि तैसीच पुठ्ठ्याची चकती अंगठ्याने हिरवी रंगवावी. मग तो कागद संचालकसाहेबांचे हुजुरात गेला. साहेब थोर, लहान मूल त्यांनी आजवर फक्त माहितीपत्रकाचे मुखपृष्ठावर पाहिलेले. फर्मान सुटले की, अंगठ्याचे ठसे फोटोत गलिच्छ दिसतात, सबब हिरवे काचमणी चिकटवावे आणि दालनात चकार शब्द होऊ नये. लहानग्यांचे हाती मणी देणे धोक्याचे, हे बखरलेखिका पदवीमुळे जाणत होती, तरी तिने 'चालेल सर' म्हणोन मान तुकविली. येणेप्रमाणे तिचे शौर्य.

मुक्रर दिवशी बारा वीर दाखल जाहले. त्यांत बखरलेखिकेची कन्या चिमणी, उमर वर्षे चार. प्रथम एका वीराने काशाच्या तीनपायी भांड्याकडे बोट करोन, "यात शू करायची का?" ऐसे पुसिले. मग डिंक सांडला, आणि एक बाही मेजास चिकटली, आणि मग एकाएकी सर्वत्र शांतता जाहली. साहेब 'खाद्यपेयांस मनाई' या फलकाखाली कॉफीचा कप घेऊन उभे होते. "बघा, कशी तल्लीन झालीत!" म्हणोन ते कॅमेऱ्याकडे वळले, आणि बखरलेखिकाही मूर्खासारखी धन्य जाहली.

उठल्या त्या एकट्या मावशी. "ताई, तुमची चिमणी बघा आधी."

चिमणी एका नाकपुडीने श्वास घेत म्हणाली, "आई, माझ्या नाकातपण भोक आहे. चकतीसारखं. मी मणी लावला."

बखरलेखिकेने हंबरडा फोडिला. साहेबांनी हुकूम केला की, रडारड बाहेर न्यावी, फोटो खराब होतो.

"त्यांचं सोडा. मोकळी नाकपुडी दाबा, तोंडाला तोंड लावा आणि फुंका. जोरात!" मावशी गरजल्या. बखरलेखिकेने फुंकिले. काही न जाहले. मग दुसरे वेळी सर्व प्राण एकवटोन फुंकिले, तो मणी तोफेचे गोळ्यासारखा सुटोन नेमका साहेबांचे कपात पडिला. साहेब फोटोकरिता हसत होते. त्यांनी हसता हसता कॉफी संपविली.

येणेप्रमाणे फत्ते जाहली. कन्या सुखरूप, उरले मणी तमाम जप्त, अंगठ्यांची मसलत बहाल. मावशी सांगतील त्यावर हसावयाचे नाही, ऐसा करार बखरलेखिकेने स्वतःशी केला.

कप रिता निघाला, मणी मिळाला नाही. साहेब आपले दालनी दार लावोन बसले आहेत आणि दुपारपासोन अगदी गप्प आहेत. गप्प झालेल्यास उठोन पाहावे, हे बखरलेखिका आता पक्के जाणते. परंतु पाय तिकडे वळत नाहीत. सबब वाचकहो, आपणच एकवार जाऊन डोकावावे.