तक्रार खात्याच्या बाई

मार्गासनीच्या तात्यांच्या कंपनीत चार खाती आणि मोबाईल एकच. फोन आला की तात्या गोड आवाजात म्हणणार, "नमस्कार, विक्री खातं." हिशोबाचं विचारलं, तर "थांबा, जोडून देतो" म्हणून मोबाईल उजव्या कानावरून डाव्या कानावर नेणार आणि घोगऱ्या आवाजात "बोला" म्हणणार. टेम्पो खात्याला कायम खोकला.

तात्या आमचे शेजारी. कारखान्यातली नोकरी सोडून त्यांनी पासली गावचा तांदूळ पुण्याला पोचवायची कंपनी काढली, तेव्हा गाव हसलं. आमच्या घरातली पहिली पदवीधर मी. त्या पदवीला पहिलं काम तात्यांनी दिलं, हे मी विसरणार नाही. "काळजी करू नगं, कंपनी बगंल," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. चहात साखर कमी पडली तरी कंपनीच बघायची.

पहिल्या वर्षी पोती घरातच पडून राहिली. मग पुण्यातलं एक मोठं दुकान माल घेऊ लागलं आणि तात्यांनी दारावर कंपनीची पाटी लावली.

चौथं खातं तक्रारीचं. ते मात्र खरोखर काकूंकडे, म्हणजे तात्यांच्या बायकोकडे होतं. भांडायला फोन केलेला माणूस त्यांच्याकडून पेज कशी करायची ते ऐकून फोन ठेवायचा. गेल्या पावसाळ्यात काकू गेल्या. तेव्हापासून तक्रार आली की तात्या म्हणत, "बाई बाहेर गेल्यात. मागनं फोन करा."

दिवाळीच्या तोंडावर दुकानाच्या मॅनेजरचा फोन आला. त्याचा आवाज मला लांबूनही ऐकू येत होता. पोत्यात पाला निघतो, गिऱ्हाईक कचरा म्हणतं. पाला बंद करा, नाहीतर माल बंद. तांदळाला कीड लागू नये म्हणून निरगुडीचा वाळलेला पाला घालायची पद्धत काकूंची.

"तक्रारीच्या बाईंना द्या," मॅनेजर म्हणाला.

"तात्या, मी बोलू का बाई म्हणून?" मी हळूच विचारलं. हे दुकान गेलं तर कंपनीत उरणार काय होतं?

"न्हाई गं. त्या खात्याला दुसरा आवाज न्हाई."

त्यांनी कान बदलला नाही. कंपनीच्या फोनवर त्यांचा स्वतःचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

"सायेब, बाई वारल्या. मी त्यांचा नवरा. पाला त्यांनी सुरू केलाय, त्यो ऱ्हाणार."

दुकान गेलं. मला वाटलं, आता म्हणतील, कंपनी बगंल. पण त्यांनी मोबाईल खिशात टाकला.

"विक्री खात्याला सांगाय पायजे," एवढंच म्हणाले, आणि पुढच्या पोत्यासाठी पाला चुरायला लागले.